गुडघा नवा, मांडीचं काय?

गुडघा बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट खाटेपाशी येतात आणि म्हणतात, "आजी, गुडघा ताठ ठेवून पाय वर उचला." आजी दातओठ खातात, पण टाच गादी सोडत नाही. घरचे समजतात, दुखतंय म्हणून उचलत नाहीत. तेवढंच कारण नसतं. मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा स्नायू हुकूमच पुरता घेत नसतो.

सांध्यात सूज आली, पाणी साचलं, की त्याची वर्दी मज्जारज्जूकडे जाते आणि तिथेच मांडीकडे निघालेली आज्ञा दाबली जाते. १९६५ साली द अँद्राद आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यात द्रव भरून हे दाखवलं होतं. किती आज्ञा दाबली गेली, हेही मोजता येतं. रुग्णाला सगळा जोर लावून पाय ताणायला सांगायचं आणि त्याच क्षणी स्नायूला विजेचा झटका द्यायचा. जोर एकदम वाढला, तर तेवढे तंतू तोवर कामालाच लागले नव्हते, असा अर्थ. अमेरिकेत २००५ साली छापून आलेल्या अशा एका अभ्यासात ऑपरेशननंतर महिन्याभराने मांडीची ताकद आधीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी उतरलेली आढळली. स्नायूचा आकार मात्र दहाएक टक्केच घटला होता. मांडी झिजली त्याहून जास्त ती गप्प बसली होती.

आणि हे गप्प बसणं ऑपरेशनच्या टेबलावर सुरू होत नाही. वर्षानुवर्षं गुडघा दुखतो, माणूस दुखऱ्या पायावर भार टाकत नाही, उठताना हातांनी रेटा देतो. पुढचा स्नायू मागे पडतो. मांडीमागचे स्नायू एरवीपेक्षा जास्त आवळून सांधा धरून ठेवतात. सर्जन झिजलेली हाडं कापून धातू आणि प्लास्टिक बसवतात, पाय सरळ करतात, वेदना जाते. ही फार मोठी गोष्ट आहे. पण चालण्याची ही जुनी सवय तशीच राहते. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलला, उजवा जून २००१ मध्ये. घरोघरी त्या ऑपरेशनची चर्चा झाली. मांडीबद्दल कोणी विचारलं नाही, आजही विचारत नाही.

आपल्या तंजावरात तरी हा प्रश्न विचारला जावा असं मला मनापासून वाटतं. ज्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु या बंधूंनी भरतनाट्यमची घडी बसवली, ते इथल्या मराठा दरबारातले. त्या नृत्यातली अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून धरलेली अर्धी बैठक, मांडीच्याच बळावर उभी असते. आणि सरफोजीराजांच्या धन्वंतरी महाल या रुग्णालयातल्या नेत्ररुग्णांची टिपणं, रोगट डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वी या गावात एकेका रुग्णाची एवढी निगुतीने नोंद होत होती. मग आज गुडघ्याच्या फायलीत एक्स-रे, साखर, रक्तदाब असताना मांडीच्या ताकदीचा रकाना कोरा का?

यंत्र नसलं तरी चालेल. हात छातीवर ठेवून खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात, ते ऑपरेशनआधी लिहून ठेवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, आणि वाटी मांडीकडे सरकते का पाहा. सरकली, तर आज्ञा पोचते आहे. हा व्यायाम आधीच शिकून घ्यावा, कारण ऑपरेशनपूर्वी ज्यांची मांडी बळकट असते, ते वर्षभराने जिने अधिक सहज चढतात. ऑपरेशननंतर दोन दिवसांत मांडीला विजेचे स्पंद देणं सुरू केलं, तर ताकद लवकर परतते, असं २०१२ च्या एका चाचणीत दिसलं. डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. टाके निघाले, वॉकर सुटला, की बहुतेक घरांत व्यायामही सुटतो. मांडी तेव्हा कुठे सावरू लागलेली असते, आणि पुढचे कित्येक महिने तिला रोज काम द्यावं लागतं.