रिकाम्या जागेची कैफियत



गोंड राजांच्या परकोटाने वेढलेल्या आणि इरई-झरपटीच्या काठी वसलेल्या या चांदानगरीत, म्हणजे चंद्रपुरात, निवडणूक कायद्याच्या सुधारणेचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेला प्रवासाचा शीण सोसून आपण आलात, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. पाहुणचारात काही उणे राहिल्यास उदार मनाने घ्यावे; परंतु आपल्यापुढे मांडण्याजोगी एक कैफियत आमच्यापाशी आहे, आणि ती याच मतदारसंघाची आहे.

ज्या नव्या संसदभवनाला विदर्भाचे सागवान लागले, त्याचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले आणि दोनच दिवसांनी चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर निवर्तले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे रिक्त जागा सहा महिन्यांत भरली पाहिजे. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल, अथवा त्या अवधीत निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारच्या विचाराने प्रमाणित केले, तरच त्यातून सूट मिळते. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून सतरा दिवस अधिक. तरीही पोटनिवडणूक झाली नाही, आणि ४ जून २०२४ चा निकाल लागेपर्यंत कोळसा खाणींच्या धुळीची किंवा वाघाच्या भीतीने शेतात न जाणाऱ्या कुणब्याची तक्रार लोकसभेत मांडायला या मतदारसंघाचा कोणी उरला नव्हता. पुण्याच्या अशाच रिक्त जागेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तत्काळ पोटनिवडणुकीचा आदेश दिला, पण पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आयोगाच्या अडचणी खऱ्या असतील. परंतु त्यांची किंमत मतदाराने मोजावी, हे मला मान्य नाही.

निवडणुकीच्या निकालाविरुद्ध दाद मागणाऱ्याचीही हीच अवस्था. येथील उमेदवाराने पंचेचाळीस दिवसांत नागपूर खंडपीठापुढे याचिका दाखल करावी, दोन हजार रुपये अनामत भरावी, इतके कायदा त्याला निक्षून बजावतो. न्यायालयाला मात्र सहा महिन्यांत निकाल देण्याचा 'प्रयत्न' करावा, एवढेच सुचवतो. पूर्वी ही प्रकरणे निवडणूक न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या दुरुस्तीने ती उच्च न्यायालयांकडे गेली, तरी सभागृहाची मुदत संपल्यावर निकाली निघणाऱ्या याचिकांची परंपरा खंडित झाली नाही.

आणि हे सारे कोणाच्या मताविषयी? २०२४ साली शेजारच्या मतदारसंघातील अहेरी, आरमोरी, गडचिरोली भागांत मतदान दुपारी तीनलाच संपत होते, म्हणून पाड्यावरची माडिया आदिवासी बाई ऊन चढण्याआधी घर सोडत होती, जंगलवाटेने केंद्र गाठत होती, आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे करत होती. नक्षलवाद्यांच्या बहिष्काराच्या फतव्यांच्या काळात त्या बोटावरची काळी शाई हीच जोखमीची खूण होती, हे नागपूर-मुंबईच्या विधिज्ञांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

यासाठी स्वागत समितीची विनंती अशी की, कलम १५१-अ खालील प्रमाणपत्र सकारण लिहिले जावे व ते तीस दिवसांच्या आत मतदारसंघात प्रसिद्ध व्हावे, आणि याचिकांच्या कलमातील 'प्रयत्न करावा' हे शब्द काढून तेथे 'निकाल द्यावा' असे घालावे, हा आपल्या परिषदेचा पहिला ठराव असावा. अध्यक्षमहाराजांनी आता स्थानापन्न होऊन कामकाजास प्रारंभ करावा.