मोटारसायकलची बॅटरी वारंवार कां उतरते?

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यांत, केळझर हें जुनें गांव आहे. तेथील गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांना तें परिचित आहेच. परंतु लोकपरंपरेनें त्याला आणखी एक मान दिला आहे. महाभारतांतील एकचक्रानगरी ती हीच, असें तेथें मानितात. त्या नगरीजवळ बकासुर राहत असे, आणि नगरवासी पाळीपाळीनें त्याच्याकडे गाडाभर अन्न व एक माणूस पाठवीत असत, ही कथा मराठी घरांत लहानपणींच कानांवर पडते. नगरवासी गाडा भरीत राहिले. तो रिता कां होतो, याचा कायमचा बंदोबस्त मात्र एका भीमानेंच केला.

श्रोतेहो, याच गांवांतील आजचें एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. घरांत वृद्ध पतिपत्नी; मुलगा नोकरीनिमित्त नागपुरास. आजींना महिन्यांतून एकदां सेवाग्रामच्या रुग्णालयांत न्यावें लागतें, आणि आजोबांची सारी भिस्त अंगणांतल्या मोटारसायकलवर. एके सकाळीं त्यांनीं सेल्फचें बटन दाबलें, तों नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. मुलानें पैसे पाठविले, नवी बॅटरी बसली. चार महिन्यांनीं पुन्हां तोच प्रकार. पुन्हां नवी बॅटरी. तिसऱ्या खेपेस गाडी अडली ती नेमकी रुग्णालयाच्या दिवशीं, आणि आजींची तपासणी त्या दिवशीं राहून गेली. गाडा दोनदां भरून पाठविला. बकासुर मात्र जागच्या जागीं राहिला.

अशी फसगत होण्याचें कारण एका समजुतींत आहे. बॅटरी हें विजेचें उगमस्थान आहे, असें आपण धरून चालतों. वस्तुतः ती कोठी आहे. धान्य शेतांत पिकतें, कोठींत केवळ सांठतें. मोटारसायकलचें शेत म्हणजे इंजिनाशेजारीं बसविलेली तांब्याच्या तारेची वेटोळीं. गॅरेजांत त्यांना ‘कॉइल’ म्हणतात, पुस्तकांत स्टेटर. इंजिनाबरोबर लोहचुंबक त्यांच्याभोंवतीं फिरतो व वीज उत्पन्न होते. ही वीज उलटसुलट वाहणारी असते. तिला एका दिशेनें वळविणें आणि तिचा दाब मर्यादेंत ठेवणें, हीं दोन्ही कामें रेक्टिफायर-रेग्युलेटर नांवाची लहानशी पेटी करिते. तेथून वीज बॅटरींत येते. शेत, पहारेकरी, कोठी आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा, म्हणजे तारा, यांपैकीं कोठेंही बिघाड झाला तरी शेवटीं रिती दिसते ती कोठीच. म्हणूनच दोष नेहमीं तिच्या माथीं येतो.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिसें व गंधकाम्ल यांची पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी सिद्ध केली. आजही बहुतेक मोटारसायकलींत त्याच कुळांतली १२ व्होल्टांची बॅटरी असते. मात्र तिच्यावरील भार वाढला आहे. पूर्वीच्या कित्येक गाड्या बॅटरी उतरली तरी किक मारून चालूं होत. १ एप्रिल २०१७ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालूं असेपर्यंत जळत राहतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत पेट्रोल पुरविण्याचें कामही विजेवर आलें, आणि अनेकींची किकही गेली. ३५ वॉटांचा दिवा १२ व्होल्टांवर सुमारें ३ अँपिअर वीज घेतो. चौकाचौकांत थांबत, मंद गतीनें दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडींत आवक व जावक यांचा मेळ बसणें कठीण होतें, आणि कांहींही न बिघडतां बॅटरी हळूंहळूं उतरते. ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी.

परीक्षेसाठीं लागणारीं साधनें थोडीं आहेत: कांहीं शें रुपयांस मिळणारा मल्टिमीटर, पाना, पॉलिश-कागद आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका. सावधगिरी मात्र पुरेपूर हवी. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तिच्याजवळ बिडी, काडी वा ठिणगी असूं नये. आंतील आम्ल डोळ्यांस व कातडीस घातक आहे. सोडतांना ऋण टोंक आधीं सोडावें, जोडतांना धन टोंक आधीं जोडावें. इंजिन चालूं असतां बॅटरीची तार कदापि काढूं नये; दाब एकाएकीं वाढून इतर यंत्रणा जळण्याचा संभव असतो. इंजिन चालवून करावयाची परीक्षा बंद खोलींत न करितां अंगणांत करावी.

आरंभ डोळ्यांनीं करावा. टोंकांवर पांढरट वा हिरवट बुरशी चढली आहे काय, स्क्रू सैल आहेत काय, इंजिनाच्या अंगाला जोडलेली अर्थची तार गंजली आहे काय, हें पाहावें. पाणी घालण्याची बॅटरी असल्यास पातळी दोन खुणांच्या मध्यें असावी. कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावें, नळाचें वा विहिरीचें नव्हे. विदर्भाच्या उन्हाळ्यांत हें पाणी लवकर आटतें. सीलबंद बॅटरी मात्र उघडूं नये.

त्यानंतर तीन मापें घ्यावीं. मल्टिमीटर डी.सी. २० व्होल्टांवर ठेवून त्याच्या कांड्या बॅटरीच्या दोन टोंकांवर धरावयाच्या.

पहिलें माप विश्रांतीचें. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं तें घ्यावें. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी. १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिती. अशी बॅटरी आधीं चार्जरवर सावकाश भरून घ्यावी. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.४ अँपिअरचा प्रवाह योग्य. भरून, रात्रभर ठेवूनही मीटर १०.५ च्या आसपासच राहिला, तर सहा घरांपैकीं एक घर मेलें असें समजावें, कारण प्रत्येक घराचा वांटा सुमारें २.१ व्होल्टांचा असतो. येथें मात्र बॅटरीच दोषी.

दुसरें माप सेल्फ दाबतांनाचें. दाब थोडा खालीं येणारच. पण भरलेल्या बॅटरीचा मीटर ९.५ च्या बराच खालीं कोसळत असेल, तर तिची शक्ति संपत आली आहे. उलट मीटर १२ च्या वरच राहिला आणि तरी सेल्फ फिरला नाहीं, तर बॅटरी निर्दोष आहे. वाट अडली आहे. मग रिले, सेल्फची मोटर व अर्थची तार तपासावी.

तिसरें माप सर्वांत महत्त्वाचें, आणि तेंच बहुधा कोणी घेत नाहीं. इंजिन चालूं करून मिनिटाला चार-पांच हजार फेऱ्यांपर्यंत वेग न्यावा. मीटर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला, तर आवक ठीक आहे. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर ताब्यांत राहिलेला नाहीं. बॅटरीचें पाणी उकळून जाईल. वेग वाढवूनही मीटर १३ च्या खालींच रेंगाळला, तर कोठीकडे धान्य येतच नाहीं. अशा गाडींत कितीही नवी बॅटरी घातली तरी ती उतरणारच.

आवक नसेल, तर गाडी बंद करून स्टेटरचा कपलर सोडावा. पुष्कळ गाड्यांत त्यांत तीन पिवळ्या तारा असतात. मीटर ए.सी. २०० व्होल्टांवर ठेवावा, इंजिन चालूं करावें, आणि दोन-दोन तारांच्या तीन जोड्या मोजाव्या. तिन्हीं मापें सारखीं आलीं व वेगाबरोबर वाढलीं, तर स्टेटर चांगला. संशय रेग्युलेटरवर व तारांवर. एखादें माप पडलें, किंवा गाडी बंद असतां पिवळी तार व इंजिनाचें अंग यांच्यांत मीटरनें जोड दाखविला, तर स्टेटर जळला. नेमके आंकडे गाडीगणिक निराळे असतात. ते पुस्तिकेंत पाहावे.

तिन्हीं मापें उत्तम, आणि तरीही उभ्या गाडीची बॅटरी चार दिवसांत उतरते, असें घडलें तर चोरटी गळती शोधावी. चावी बंद करून ऋण तार सोडावी, मीटर १० अँपिअरच्या घरांत लावून टोंक व तार यांच्यामध्यें धरावा. या अवस्थेंत सेल्फ दाबूं नये, मीटर जळेल. घड्याळासाठीं एक-दोन मिलिअँपिअर गेले तर चिंता नाहीं. परंतु ५० मिलिअँपिअर जात असतील, तर ४ अँपिअर-तासांची बॅटरी ८० तासांत, म्हणजे साडेतीन दिवसांच्या आंतच, रिती होईल. मग फ्यूज एकेक काढून पाहावा. ज्याच्या काढण्यानें गळती थांबेल, त्या वाटेवर चोर सांपडतो. मागाहून बसविलेला हॉर्न, भोंगा किंवा मोबाइल भरण्याचें साधन हीं प्रथम तपासावीं.

केळझरच्या त्या घरीं सुटींत नागपूरहून नात आली. आजोबा तिसऱ्या बॅटरीचे पैसे मोजून ठेवीत होते. ‘आजोबा, थांबा. आधीं मोजूं या, मग आणूं,’ ती म्हणाली. तिनें शेजाऱ्यांकडून चार्जर आणून बॅटरी भरली. सकाळीं मीटर १२.७, सेल्फ दाबतांना १०.४; म्हणजे बॅटरी धडधाकट. इंजिनाचा वेग वाढविला, तरी मीटर १२.४ च्या पुढें जाईना. स्टेटरच्या तिन्हीं जोड्या सारख्या आल्या. पण सोडलेला कपलर हातांत होता, त्याचें प्लास्टिक वितळलें होतें आणि दोन पिना काळ्या पडल्या होत्या. सैल जोड तापत गेला, आणि वीज तेथेंच अडली. नवा कपलर नीट घट्ट बसविल्यावर मीटर १४.२ वर स्थिर झाला. दोन बॅटऱ्यांची किंमत गेली होती ती एवढ्याशा तुकड्यापायीं.

सर्वच बिघाड घरीं दुरुस्त होतील असें नाहीं. स्टेटर बदलणें हें कारागिराचें काम, आणि तें त्याच्याकडेच द्यावें. परंतु ‘बॅटरी बदला’ असें न सांगतां ‘वेग वाढविल्यावरही मीटर १२.४ वरच राहतो’ असें सांगणारा गिऱ्हाईक त्याचेंही काम हलकें करितो व आपलाही पैसा वांचवितो. महिन्यांतून एकदां, पांच मिनिटें काढून, हीं तीन मापें वहींत तारखेसह टिपून ठेवावीं. आंकडे उतरूं लागले, कीं गाडी अडण्याआधींच कळेल, आणि घरांतील आजारी माणसाला दवाखान्यांत नेण्याच्या सकाळीं अंगणांत हताश उभें राहण्याची पाळी येणार नाहीं.