बेटावरचे आठ दिवस



या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत थोर थोर विषय मांडले गेले. त्या रांगेत "सुटीत बेटावर कसे जावे" हा विषय घेऊन उभे राहताना मला संकोच वाटतो, हे आधीच कबूल करतो. कार्यवाहांना विषय सांगताना मी चाचरलोच होतो. पण ते म्हणाले, "घ्या हो. मे महिना तोंडावर आला आहे. निम्मे श्रोते इथे बसून मनात बॅगाच भरत असतात." तेव्हा त्या निम्म्या श्रोत्यांच्या भरवशावर मी बोलतो आहे.

खरे म्हणजे बेट ही आपल्याला परकी वस्तू नव्हे. ठाणे शहर ज्या साष्टीवर वसले आहे ते बेटच आहे. एका बाजूला ठाण्याची खाडी, वर उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला थांबली, आणि पुढल्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली, ती बेटावरून मुख्य भूमीवर उतरली असेच म्हणायचे. आमचा डोंबिवलीकर रोज सकाळी दारात लोंबकळत बेटावर जातो आणि रात्री परत येतो. त्याला कोणी सुटी म्हणत नाही, इतकेच!

मी ज्या बेटांविषयी बोलणार आहे ती अंदमानची. आमच्या भागातून तिकडे जाणाऱ्यांची रीघ काही कमी नाही. पण परत आलेल्यांना विचारले, की दोन तऱ्हेची उत्तरे येतात. एक म्हणतो, "समुद्र काय सुरेख, पण तुरुंग धावतपळत पाहिला." दुसरा म्हणतो, "तुरुंग पाहून डोळ्यांत पाणी आले, पण किनाऱ्यावर निवांत बसायलाच मिळाले नाही." शहर आणि निवांत किनारा या दोन गोष्टी एका सुटीत बसवणे हा दिसतो तितका सोपा हिशेब नाही. मी तो एकदा चुकवला आहे, म्हणूनच आज बोलण्याचा अधिकार सांगतो.

आधी नावांचा उलगडा करतो. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील बेट शहीद द्वीप झाले. तिकिटे काढताना नवी नावे ध्यानात ठेवा. माझ्या तोंडात मात्र जुनी बसली आहेत, तीच येतील.

आता घरची गोष्ट. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, शाळकरी वयात कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून 'माझी जन्मठेप' आणून वाचलेले. हे वाचनालय १८६४ सालचे. त्याने आमच्यासारख्या किती घरांना वाचायला लावले असेल कोण जाणे! दादांना त्या पुस्तकातली एक गोष्ट विशेष वाटे. सावरकर अंदमानला गेले त्याआधी ते ठाण्याच्या तुरुंगात होते. तिथून आगगाडीने मद्रास, मद्रासहून 'महाराजा' आगबोटीने समुद्रपार, आणि ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअर. ठाण्याहून मद्रासला जाणारी गाडी कल्याणवरूनच जाणार. दादा नोकरीच्या काळात कल्याणच्या फलाटावर उभे राहून हे कितीदा तरी सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांचे एकच मागणे होते, "ती खोली एकदा बघायची."

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही निघालो. दादा, वहिनी, आमची सौ., आमची मुले. आखणी माझी. मी मोठ्या हुशारीने ठरवले की शहर काय, कधीही पाहता येते. मुले ताजीतवानी असतानाच समुद्र दाखवावा. म्हणून विमानातून उतरलो ते थेट धक्क्यावर गेलो आणि दुपारच्या बोटीने हॅवलॉक गाठले. तीन रात्री तिथे, एक नीलला, पाचव्या दिवशी दुपारी परत पोर्ट ब्लेअर, संध्याकाळी तुरुंग, आणि सहाव्या दिवशी दुपारचे विमान. कागदावर झकास दिसत होते. पाचव्या दिवशी सकाळी नीलच्या धक्क्यावर गेलो तर समुद्र खवळलेला आणि बोट रद्द. दुसऱ्या दिवशी बोट सुटली ती आम्हाला घेऊन थेट विमानाच्या वेळेलाच पोहोचली. धक्क्यावरून मोटारीत बसलो आणि विमानतळ गाठला. दादा एक शब्द बोलले नाहीत. चेन्नईला विमान बदलताना फक्त म्हणाले, "चालायचेच." ते शब्द मला रागावण्यापेक्षा जड गेले.

चूक कुठे झाली हे मी घरी आल्यावर नकाशा आणि पंचांग घेऊन शोधले. आधी ऋतू. आपल्या सुट्ट्या शाळेच्या घंटेवर ठरतात; बेटाला शाळा ठाऊक नाही. अंदमानला दोन पावसाळे लागतात. नैर्ऋत्येचा पाऊस केरळच्याही आधी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे पोहोचतो. तो सरतो न सरतो तोच ईशान्येचा सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. म्हणजे आपली मे महिन्याची आणि दिवाळीची, अशा दोन्ही सुट्ट्या तिथल्या वाईट दिवसांवर पडतात! समुद्र शांत असतो तो जानेवारी ते एप्रिल. ज्यांच्या घरी परीक्षा नाहीत त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावे. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी परीक्षा संपताच एप्रिलमध्ये निघावे, मे उजाडण्याची वाट पाहू नये.

आणि मेअखेरीसच सवड मिळत असेल, तर विषुववृत्तापलीकडे पाहावे. मॉरिशसला ऋतू उलटे. आपला मे संपताना तिथली वादळे सरलेली असतात आणि हवा निवळू लागते. तिथेही पोर्ट लुई शहर आणि बाहेरचे किनारे अशी जोडी आहे, आणि शहरात बंदराकाठी तो आप्रवासी घाट आहे, जिथे हिंदुस्थानातून नेलेले करारबद्ध मजूर उतरत. त्यांत आपल्या कोकणातली माणसे होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. खर्च अर्थातच मोठा. असो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपले आणि अंदमानचे घड्याळ एक, पण सूर्य एक नाही. ठाणे साधारण ७३ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर जवळजवळ ९३ वर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य तिथे आपल्यापेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटे आधी येतो आणि तितकाच आधी जातो. जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य बुडालेला असतो. पुष्कळ मंडळी सकाळी नऊला आरामात न्याहारी करून बाहेर पडतात आणि दिवस हातातून गेला म्हणून हळहळतात. पहाटे पाचला उठण्याची सवय आपल्या डोंबिवली-कल्याणच्या माणसाला मुद्दाम लावावी लागत नाही. ती एकदा तरी सुखासाठी वापरावी!

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. नीलला प्रवाळ खडकाची जी नैसर्गिक कमान आहे, तिच्यापर्यंत ओहोटीलाच चालत जाता येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते तेव्हा ओहोटीही दूरवर जाते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिथल्या वेळा मात्र धक्क्यावर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचाराव्यात. आपल्याकडच्या वेळा तिथे लागू पडत नाहीत. पोहताना स्थानिकांनी सांगितलेली हद्द ओलांडू नये. त्या पाण्यात काही ठिकाणी मगरी आहेत, आणि सूचनेचा फलक शोभेसाठी लावलेला नसतो. शंख, प्रवाळ काहीही उचलून आणू नका. तो गुन्हा आहे, आणि विमानतळावर पिशव्या उघडतात.

आता मुख्य हिशेब. बोट समुद्राच्या मर्जीने चालते, विमान तिकिटाच्या. या दोघांच्या मधे एक रिकामा दिवस हवाच. म्हणून परतीच्या आदली रात्र शहरातच काढावी, आणि ज्यासाठी आपण मुख्यतः आलो ती गोष्ट पहिल्या दोन दिवसांतच उरकावी. उरकावी हा शब्द चुकला. मनासारखी पाहून घ्यावी. माझी आताची आखणी अशी. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर, मग तीन हॅवलॉक, एक नील, आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. सात रात्री, आठ दिवस. पाच दिवसांत सारी बेटे दाखवणारे कार्यक्रम छापलेले मिळतात. त्यांत बोटीत चढणे आणि बोटीतून उतरणे एवढेच नीट पाहून होते.

एक गोष्ट मी मुद्दाम गाळतो. जारवांच्या राखीव जंगलातून जाणारा जो रस्ता आहे, त्यावरून बारातांगच्या गुहा पाहायला मोटारींचे तांडे जातात. गुहा चांगल्या असतील. पण तांड्यातल्या निम्म्या लोकांचे डोळे गुहांकडे नसून झाडीत कोणी माणूस दिसतो का याकडे असतात. त्यांचे छायाचित्र घेणे, त्यांना खाऊ देणे कायद्याने बंद आहे. मला तो दिवसच नको वाटतो. त्याऐवजी शहरात चॅथमची लाकूड गिरणी पाहा. १८८३ पासूनची आहे, आणि १९४२ च्या जपानी बॉम्बचा खड्डा अजून तिथे दाखवतात. रॉस बेटावर जा. साहेबांचे चर्च आणि बंगले वडाच्या मुळांनी कसे गिळले आहेत ते बघण्यासारखे आहे. किंवा काहीच पाहू नका.

तर, सात वर्षांनी आम्ही पुन्हा निघालो. या वेळी जानेवारीत, आणि फक्त चौघे. दादा आता सत्तरीपलीकडे गेले होते आणि त्यांचे गुडघे मधल्या काळात पार गेले होते. पहिल्याच संध्याकाळी तुरुंगात ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताक्षणी आत गेलो. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे ही इमारत बांधली जात होती. मधल्या मनोऱ्यापासून सात पाखे चाकाच्या आऱ्यांसारखे निघालेले. त्यांपैकी आज तीनच उरले आहेत. आपल्याकडे जुन्या लेखनात या पाख्यांना 'चाळी' म्हटलेले आढळते. तीन मजले, समोर एकच लांब ओटी आणि ओळीने खोल्या. चाळीत वाढलेल्या माणसाला रचना लगेच कळते, आणि फरकही लगेच कळतो. इथे एका चाळीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे आहे. समोरच्याला हाक मारायची सोयच ठेवलेली नाही.

मनोऱ्यात भिंतीवर कैद्यांची नावे कोरली आहेत. दादांनी ती उभ्याने वाचली. बंगालची माणसे किती, पंजाबची किती, हे तिथे कळते. आपण मराठी माणसे एकाच खोलीकडे धावतो. ती नावे पाच मिनिटे वाचावीत, असे मला वाटते.

ती खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, पाख्याच्या अगदी टोकाला आहे. दादा जिन्यापाशी आले, पहिल्या दोन पायऱ्या चढले, कठडा धरून थोडे थांबले, आणि उतरले. म्हणाले, "तू जाऊन ये. मी इथे बसतो." मागच्या खेपेला त्यांचे गुडघे धड होते. मी वर गेलो. खोली साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. झरोका माझ्या हाताला लागेना इतका उंच. खाली फाशीघर. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि खाली आलो. दादा अंगणात पिंपळाजवळ बसले होते. त्यांनी विचारले, "समुद्र दिसतो का रे आतून?" मी म्हटले, "नाही. आभाळाचा एक तुकडा दिसतो." त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉकला गेलो. राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे. वाळू पांढरी, मागे उंच झाडी. सौ. आणि वहिनी पाण्याच्या कडेने लांबवर चालत गेल्या. कुठे जायचे नव्हते, काही पाहायचे नव्हते. दादा एका ओंडक्यावर बसले आणि बोलू लागले. कल्याणच्या वाचनालयातून पुस्तक आणले तो दिवस, ते लपवून वाचताना वडिलांनी पकडले ती रात्र, आणि वडिलांनी ते हातातून घेऊन स्वतःच पहाटेपर्यंत वाचले ती गोष्ट. साठ वर्षांत मी ती कधी ऐकली नव्हती. मी घड्याळ पाहिले तेव्हा साडेचार वाजले होते, आणि सूर्य पाण्याजवळ आला होता.