पावसातला लांबचा सायकल प्रवास : अंग कोरडं कसं ठेवाल?

(शेतकरी बंधू-भगिनींसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



पेरण्या आटोपल्या आणि पिकं वर आली, तरी आपलं जाणं-येणं काही थांबत नाही. कुणाला डेअरीवर दूध घालायचं असतं, कुणाला तालुक्याहून खताची पिशवी आणायची असते, कुणाला दुसऱ्या गावी खुरपणीला जायचं असतं. आता गावोगाव मोटारसायकली झाल्या हे खरं. तरीसुद्धा सायकलीवर रोज दहा-पंधरा किलोमीटर ये-जा करणारी माणसं आपल्या जालना जिल्ह्यात आहेत. आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या आणि त्या सायकलीवरच त्यांची शाळा चालू राहिली. या सगळ्यांना पावसाळ्यात एकच अडचण येते. घरून निघताना कोरडं असलेलं अंग पोचेपर्यंत ओलंचिंब होतं, आणि मग दिवसभर त्याच ओल्या कपड्यात काम करावं लागतं किंवा वर्गात बसावं लागतं. अंगात कणकण येते, पायाला चिखल्या होतात, मांड्या काचतात. दोन दिवस अंथरुण धरलं की दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून आज याविषयी चार उपयोगाच्या गोष्टी सांगतो.

आपल्याकडचा पाऊस कसा असतो?

आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. कोकणासारखी दिवसेंदिवस झड आपल्याकडे क्वचितच लागते. एक सर जोरात येते, अर्ध्या तासात उघडीप होते, ऊन पडतं, आणि पुढच्या गावाच्या शिवारात पुन्हा सर गाठते. जालन्याहून अंबड साधारण 25 किलोमीटर. सायकलीने दोन तास धरा. या दोन तासांत माणूस दोनदा भिजतो आणि दोनदा घामाघूम होतो. तेव्हा आपल्याला पांघरूण असं हवं, की जे झटकन अंगावर घालता येईल आणि झटकन काढताही येईल.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. जालन्याहून बदनापूरला जाताना सर छातीवर येते, आणि परत येताना पाठीवर. हे ध्यानात ठेवून पुढची बाजू जास्त झाका.

रेनकोट घालूनही अंग ओलं का होतं?

कितीतरी जण म्हणतात, “साहेब, रेनकोट घेतला, पण आतून भिजलोच!” रेनकोट फाटका नसतो, तर तो घामाचा ओलावा असतो. सायकल मारताना आपलं शरीर नुसतं बसलेलं असताना देतं त्याच्या चार-पाच पट उष्णता देतं. घाम सुटतो आणि प्लास्टिकमधून वाफ बाहेर जात नाही. ती आतल्या बाजूला जमते आणि सदरा ओला होतो. ही अडचण जुनीच आहे. 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबर घालून जलरोधक कापड काढलं, तेव्हाही लोकांची हीच तक्रार होती.

यावर उपाय तीन. एक, पांघरूण सैल असू द्या. गळ्याशी आणि काखेत वारा खेळला पाहिजे. दोन, भुरभुर पाऊस असेल तर पांघरूण काढून कॅरिअरला लावा. थोडं भिजलेलं अंग वाऱ्याने वाळतं, घामाने भिजलेलं वाळत नाही. तीन, रेनकोट अंगात असताना सायकल दमानं मारा. दहा मिनिटं उशिरा पोचलात तरी चालेल.

घरची खोळ आणि तिच्यात सुधारणा

पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ आपल्याला नवी नाही. खुरपायला किंवा गुरांमागे ती उत्तम. सायकलीवर मात्र ती अपुरी पडते. छाती उघडी राहते, आणि कानाशी व डोळ्यांच्या कडेला पोतं आल्यामुळे मागची गाडी ना दिसते, ना ऐकू येते.

त्याऐवजी जाड प्लास्टिकचा किंवा ताडपत्रीच्या हलक्या कापडाचा साधारण दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद तुकडा घ्या. मधोमध डोकं जाईल एवढी फट ठेवा आणि फटीच्या कडेला पट्टी शिवून घ्या. पुढचं टोक हँडलवरून खाली सोडा, म्हणजे मांड्या झाकल्या जातात आणि खालून वारा येत राहतो. कमरेला आतून नाडा बांधा, नाहीतर वारा भरून कापड शिडासारखं फुगतं. मागचं टोक सीटच्या खाली लोंबू देऊ नका. चाकात कापड गेलं तर माणूस तोंडावर आपटतो. ओढणी, पदर आणि धोतराचा सोगा यांचंही तसंच. कमरेला घट्ट खोचूनच सायकलीवर बसा.

खताची पिशवी वापरायची असेल तर आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा. खताचे कण घामात विरघळले की अंगाची आग होते. कीटकनाशकाचं वेष्टन मात्र कधीही अंगावर घेऊ नका, धुतलं तरीही नाही.

डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी घाला, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. एका हातात छत्री धरून सायकल चालवू नका. वाऱ्याचा एक झोत पुरे होतो. आणि रंग पिवळा किंवा पांढरा निवडा. आपल्या रस्त्यावर लोखंडाचे ट्रक सारखे असतात, आणि काळ्या खोळीतला माणूस संध्याकाळच्या सरीत त्यांना दिसत नाही. मागच्या मडगार्डाला लाल रिफ्लेक्टर असलाच पाहिजे.

आतले कपडे आणि पाय

जाड सुती कपडा आणि जीन पाणी धरून ठेवते आणि अंगाला चिकटून गारवा देते. पातळ टेरिकॉट लवकर वाळतं. लोकरीचा गुण आपल्या मेंढपाळ बांधवांना ठाऊक आहे. घोंगडी ओली झाली तरी ऊब देते. पण सायकलीवर भिजलेली घोंगडी फार जड होते. तेव्हा थंडी वाजणाऱ्याने आत जुना बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालावा.

विजार गुडघ्यापर्यंत दुमडा. कातडी एका फडक्याने पुसली की कोरडी होते, विजार वाळायला मात्र दुपार लागते. लांब जायचं असेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा, म्हणजे ओला कपडा काचत नाही. सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा. उभी सायकल भिजली तरी बसायची जागा कोरडी राहते.

पायांत मागे पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल बरी. गमबुटात वरून पाणी शिरलं की बाहेर निघत नाही, आणि कातडी चप्पल पायडलवरून सटकते. पोचल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुवा आणि बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करा. चिखल्या झाल्या तर अंगावर काढू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून मलम घ्या. मधुमेह असलेल्यांनी तर पायाची लहान जखमही रोज पाहावी.

कोरडी पिशवी

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भिजल्याने माणूस आजारी पडतोच असं नाही, पण तासन्‌तास भिजलेलं राहणं वाईट. म्हणून एक सदरा, एक विजार आणि एक पंचा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवा. पिशवीचं तोंड दोनदा दुमडून बांधा आणि ती दुसऱ्या पिशवीत उलटी घाला. मुलींची वह्या-पुस्तकं, बियाण्याची थैली, बँकेचं पासबुक आणि मोबाइलसुद्धा असंच बांधा. पोचल्याबरोबर आधी ओले कपडे बदला, डोकं पुसा, आणि मग चहा घ्या. ओल्या अंगाने चहा पीत बसू नका.

सायकलीची काळजी

दोन्ही मडगार्ड शाबूत हवेत. पुढच्या मडगार्डाच्या टोकाला जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा लावा. निम्मा चिखल तिथेच अडतो. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. उताराच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिमचं पाणी पुसून घ्या आणि झिजलेले रबर बदला. चेनला आठवड्याला तेल द्या.

काळ्या मातीचा रस्ता असेल तर माती चाकाला मळलेल्या पिठासारखी लागते आणि मडगार्डात गच्च बसते. तेव्हा जोर लावू नका. उतरा, काडीने माती काढा, आणि कडेच्या गवतावरून सायकल ढकलत न्या.

पाणी आणि वीज

बंधू-भगिनींनो, कपडे वाळतात, पण गेलेला जीव परत येत नाही. दुधना असो, पूर्णा असो की गावचा साधा ओढा, फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल घालू नका. वीतभर वेगाचं पाणीही माणसाचे पाय उचलतं, आणि चाकाला पाण्याचा रेटा लागला की सायकल हातात राहत नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या अंगाचं पाणी येऊ शकतं. पाणी उतरेपर्यंत थांबा, नाहीतर माघारी फिरा. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे घरून बजावून सांगा. एक दिवस शाळा बुडाली तर काही बिघडत नाही.

विजा चमकायला लागल्या तर लखलखाट आणि गडगडाट यांतलं अंतर मोजा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. सायकलीचे टायर रबराचे आहेत म्हणून आपण वाचतो हा समज चुकीचा आहे. आसरा नसेल तर सायकल लांब ठेवा आणि सखल जागी, पण पाण्यात नाही, पाय जुळवून उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ हे मोबाइलचं अ‍ॅप जवळपास वीज पडत असल्याची सूचना देतं. घरात एकाच्या फोनवर तरी ते असू द्या.

थोडक्यात

1. पांघरूण सैल ठेवा. भुरभुरीत काढा, सरीत घाला.
2. कापडाचं टोक चाकाशी जाऊ देऊ नका.
3. कोरड्या कपड्यांची पिशवी रोज बरोबर घ्या.
4. पोचल्यावर आधी कपडे बदला, पाय कोरडे करा.
5. उताराआधी ब्रेक पुसून घ्या.
6. वाहत्या पाण्यात सायकल घालू नका. विजेत झाडाखाली थांबू नका.

यातलं निम्मं सामान तुमच्या घरातच आहे. पुढची सर यायच्या आत एवढी तयारी करून ठेवा.