दुभाष्याचा सण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणादिवशी, ६ फेब्रुवारी रोजी झालेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षी देवळाला रंग लागतो, वेदीवर फुले चढतात, बँड वाजतो. हे सर्व योग्यच होय. परंतु आज ज्या संताचा सण आपण साजरा करीत आहो, त्यांच्याकडे पाहिले असता एक प्रश्न केल्यावाचून आम्हांस राहवत नाही : ज्या श्रद्धेसाठी हे देऊळ उभारले, ती या भिंतींबाहेर कोण नेतो?

संत गोन्सालो हे वसईचे. इ. स. १५५७ च्या सुमारास त्यांचा तेथे जन्म झाला. येशूसंघीय गुरूंच्या हाताखाली ते शिकले व कोवळ्या वयातच त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथे लोकांत राहून त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र फळास आली नाही. मग ते व्यापारात पडले. व्यापार चांगला चालला असताही तो सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले, आणि इ. स. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी होऊन पुन्हा जपानला गेले.

हे नीट ध्यानी घ्यावे. त्यांस गुरुदीक्षा नव्हती. त्यांनी मिस्सा अर्पण केली नाही, कोणाचे पापनिवेदन ऐकले नाही. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत पोचविणे हे त्यांचे काम. श्रद्धेत दुसऱ्यास वाटेकरी करणे म्हणजे आमच्या मते हेच होय. त्यासाठी समोरच्याची भाषा यावी लागते. त्याचे सुखदुःख, त्याच्या घरची रीत ठाऊक असावी लागते. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ख्रिस्तपुराण मराठीत रचिले, ते इ. स. १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले. परदेशी माणसाने एवढे श्रम घेतले; आम्ही मात्र शेजारी मयत झाली असता दाराशी उभे राहतो आणि मुक्याने परत येतो! धर्म कोणावर लादणे हे पाप आहे, त्याविषयी शंका नको. पण आपल्या आशेचे कारण विचारले असता गप्प बसणे हा काही सभ्यपणा नव्हे.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय व बाकीचे १७ प्रापंचिक होते. सर्वांत लहान मुलगा १२ वर्षांचा. पोप नववे पायस यांनी इ. स. १८६२ मध्ये त्यांस संतपद दिले.

पुढली कथा आम्हांस अधिकच विलक्षण वाटते. इ. स. १६१४ मध्ये जपानात धर्मबंदी झाली, आणि कालांतराने एकही धर्मगुरू उरला नाही. तेव्हा गावोगावच्या साध्या शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी कामे वाटून घेतली. एकाने सणवारांचे पंचांग सांभाळावे, दुसऱ्याने पाणी ओतून बाप्तिस्मा द्यावा. प्रार्थना बापाने मुलास तोंडी शिकवावी. देऊळ नाही, घंटा नाही, आणि पकडले गेल्यास मरण. अशा सात पिढ्या गेल्या. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या देवळात, जे याच २६ हुतात्म्यांस वाहिलेले आहे, उराकामी गावचे काही लोक आले आणि फादर पेतिजाँ यांस हळूच म्हणाले की, आमचे अंतःकरण आपल्यासारखेच आहे.

त्यांच्यापाशी पाद्री नव्हता, म्हणून प्रत्येक घर जागे राहिले. आपल्यापाशी पाद्री आहे, म्हणून पुष्कळ घरांतील जपमाळ खुंटीस लागली आहे. मुलांस कोणी प्रार्थना शिकवीत नाही. फादर शिकवतील, असे म्हणतात. स्टेशनपलीकडच्या नव्या वस्तीत आपलीच कित्येक कुटुंबे राहावयास आली आहेत. त्यांची मुले रविवारी कोठे असतात, हे शेजारणीस ठाऊक असते, आम्हांस नसते.

म्हणून महोत्सव समितीस आम्ही कळविले आहे की, त्या वस्तीत दर शनिवारी संध्याकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग भरेल. शिकविण्यास सहा जण हवेत. वाचता येणारी आजीबाईही चालेल. प्रायश्चित्तकाळ सुरू होण्यापूर्वी नावे साक्रिस्तीत द्यावीत.