टॉमकाका खरंच लाचार होता का?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपापल्या कामातलं काहीतरी थोडक्यात सांगा, असा संयोजकांचा आग्रह आहे. मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवते. तेव्हा माझ्या वर्गात ज्या पुस्तकावरून हमखास वाद होतो, त्याबद्दलच बोलते. ते पुस्तक म्हणजे हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी.

१८५० साली अमेरिकेत एक कडक कायदा झाला. गुलाम पळून मुक्त राज्यात पोचला तरी त्याला पकडून मालकाकडे परत पाठवायचं, आणि त्याला आसरा देणाऱ्याला दंड आणि तुरुंगवास. स्टोबाई त्याआधी अठरा वर्षं सिनसिनाटीत राहिल्या होत्या. ओहायो नदीच्या अलीकडे मुक्त राज्य, पलीकडे केंटकी, जिथे माणसं विकली जात. १८४९ मध्ये त्यांचा दीड वर्षाचा मुलगा कॉलऱ्यानं गेला. लेकरू हिरावलं गेलेल्या गुलाम आईचं दुःख काय असतं, ते त्या मरणानं मला कळलं, असं त्यांनी पुढे एका पत्रात लिहिलं. ५ जून १८५१ पासून ही कादंबरी वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल एरा’ या साप्ताहिकात क्रमशः आली. मार्च १८५२ मध्ये पुस्तक निघालं आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत सुमारे तीन लाख प्रती खपल्या.

वर्गात मी सुरुवात करते ती सिनेटर बर्ड यांच्या प्रकरणापासून. हे गृहस्थ ओहायोच्या विधिमंडळात असाच एक कायदा मंजूर करून घरी आलेत. बायको त्यांना विचारते, दाराशी गारठलेलं, उपाशी माणूस आलं तर तुम्ही त्याला हाकलून द्याल? ते राज्याच्या हिताच्या गोष्टी सांगतात. त्याच रात्री एलायझा येते. विकलं गेलेलं आपलं पोर उचलून, नदीतल्या बर्फाच्या तुकड्यांवरून उड्या मारत आलेली. ती बर्डबाईंना एवढंच विचारते, तुमचं मूल कधी गेलंय का? त्या घरातलं मूल महिन्यापूर्वीच गेलेलं असतं. मग सिनेटरसाहेबच अडखळत त्या कपड्यांच्या खणाची आठवण काढतात, आणि मध्यरात्री चिखलातून स्वतः गाडीत बसून तिला सुरक्षित जागी पोचवतात. स्वतःच केलेला कायदा स्वतःच मोडतात. स्टोबाईंनी इथे भाषण ठोकलेलं नाही. कागदावर ‘फरारी’ हा एक शब्द होता, त्याला चेहरा दिला, इतकंच.

आता वादाकडे येते. ‘अंकल टॉम’ ही आज अमेरिकेत शिवी आहे. गोऱ्यांपुढे लाळघोटेपणा करणारा काळा माणूस, असा तिचा अर्थ. आपण ‘काका’ म्हणतो त्यात माया असते. तिथे मात्र ज्याला ‘मिस्टर’ म्हणायचं नाही, अशा काळ्या माणसासाठी ते ‘अंकल’ होतं. मुलं वर्गात येतात ती हीच शिवी डोक्यात घेऊन.

आपल्या शाळेत बाई म्हणायच्या, “आधी धडा पूर्ण वाचा, मग खालचे प्रश्न.” मीही मुलांना तेच सांगते. मुलं वाचतात आणि बुचकळ्यात पडतात. कारण पुस्तकातला टॉम वाकलेला म्हातारा नाही. तो धिप्पाड आहे, त्याची मुलं लहान आहेत. सुरुवातीला तो पळून जात नाही, कारण आपण गेलो तर बाकीच्या सगळ्यांना विकतील, हे त्याला कळतं. पुढे सायमन लेग्री त्याला एका बाईला चाबकानं मारायला सांगतो. तो नाही म्हणतो. कॅसी आणि एमेलीन या दोघी पळतात. त्या कुठे आहेत ते त्याला ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. त्यासाठी मार खाऊन मरतो. याला लाचारी म्हणायचं?

मग ती शिवी आली कुठून? बरीचशी रंगभूमीवरून. पुस्तक गाजताच त्याची नाटकं निघाली. गोरे नट तोंडाला काळं फासून टॉमचं काम करत. प्रयोगागणिक टॉम म्हातारा होत गेला, हांजी हांजी करणारा झाला. पुस्तक न वाचलेल्या असंख्य लोकांनी हाच टॉम पाहिला.

पण सगळा दोष नाटकवाल्यांचा नाही. काळ्या माणसांच्या स्वभावाविषयी स्टोबाईंची जी सरसकट विधानं आहेत, ती आज वाचवत नाहीत. शिकलासवरलेला जॉर्ज हॅरिस शेवटी अमेरिकेत न राहता लायबेरियाला जातो. स्वतंत्र काळ्या माणसाला स्वतःच्या देशात जागा देणं लेखिकेलाही जमलं नाही. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये या कादंबरीवर कठोर लेख लिहिला. तोही मी शिकवते. आपल्या दुःखाबद्दल दुसऱ्यानं कळवळून लिहिलं, म्हणून ते आपलं म्हणणं होत नाही, हे मुलांना त्यातून कळतं.

आपल्याकडे हा विषय परका नाही. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते, गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जन लोकांना अर्पण केलं. तिकडचं वाचताना ते इकडचं पाहत होते. माझ्या वर्गातही कुणीतरी विद्यार्थी हमखास विचारतो, “मॅडम, आपल्याकडे असं कुणाकुणाला म्हणतात?” त्या दिवशी तास संपल्यावरही मुलं उठत नाहीत.

एखाद्या पुस्तकानं त्याच्या काळात मोठं काम केलेलं असतं आणि तरी त्यात खोट असते. दोन्ही एकदम मान्य करता येतं, फक्त त्यासाठी ते आधी वाचावं लागतं. माणसांचंही तसंच. ऐकीव माहितीवर कुणाला लाचार ठरवण्याआधी, तो कुठल्या क्षणी ‘नाही’ म्हणाला होता, तेवढं शोधावं.