आधी ठिणगी बघा, मग पार्ट बदला

(औसा तालुक्यातल्या आपल्या प्रभाग संघाच्या मासिक सभेत, अवजार बँक सांभाळणाऱ्या एका ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत.)



दर वेळी इथं कुणीतरी उभं राहून आपल्या गटाचं चांगलं काम सांगतं. मी आज माझी चूक सांगणार आहे. ती ऐकून एखाद्या गटाचे पैसे वाचले तरी पुष्कळ झालं.

आमच्या गटाचं पाणी उपसायचं जुनं इंजिन तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी बघितलंय. पेट्रोलवर चालू करायचं आणि रॉकेलवर चालवायचं, त्या काळातलं. आता रॉकेल मिळत नाही, म्हणून पेट्रोलवरच चालवतो. ज्यांच्या विहिरीवर लाईट नाही, त्या बाया ते तासावर भाड्यानं नेतात.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला ते बंद पडलं. दोरी ओढून ओढून हात भरून आले. मी औशाला गेले, नवा प्लग आणला, बसवला. चालू झालं! सगळ्या खूश. अर्ध्या तासात पुन्हा बंद. मला वाटलं, प्लगच खराब निघाला. दुसरा आणला. पुन्हा तेच. मग तिसरा.

असे अकरा दिवस गेले. आमच्या गटातली एक एकल ताई आहे, तिची मिरची त्या इंजिनावर होती. अकरा दिवसांत अर्धी रोपं वाळली. कर्जाचा हप्ता तर तिला चुकला नाही. गटानं तिला मुदत दिली, पण गेलेली रोपं काही परत आली नाहीत. ते पाणी माझ्यामुळं थांबलं, हे मी अजून विसरले नाही.

गटाच्या बैठकीत ठरत आलं होतं की इंजिन भंगारात द्यायचं. त्या रात्री मी घरी बोलले. आमचे मामंजी भूकंपाच्या आधी, म्हणजे १९९३ च्या आधी, असलंच इंजिन चालवायचे. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी एकच विचारलं, "ठिणगी बघितलीस का?"

मी म्हणलं, "नाही."

"मग प्लग कशाला बदलला?"

मग ते म्हणाले, "तू प्लग आणायला औशाला जाऊन येतीस, तोवर इंजिन थंड होतं. थंड झालं म्हणून चालू होतं. नाव मात्र प्लगचं होतं."

ताईंनो, हे ऐकून मी गप्पच झाले. तीन प्लगांचे पैसे गेले आणि खोट होती तिथंच राहिली.

आता हे इंजिन चालतं कसं, ते थोडक्यात सांगते. दोरी ओढली की लोहचुंबकाचं जड चाक फिरतं. त्याच्याजवळ तारेची गुंडाळी असते, ती कॉइल. चाक फिरलं की कॉइलमध्ये करंट तयार होतो. पॉइंट नावाचा छोटा स्विच तो करंट नेमक्या वेळी तोडतो. तोडला की हजारो व्होल्टचा झटका वायरमधून प्लगला जातो आणि ठिणगी पडते. पॉइंटजवळच कंडेन्सर असतो, बोटाच्या पेरापेक्षा लहान डबी. तो पॉइंट जळू देत नाही आणि ठिणगीला जोर देतो. कोकणात छोट्या होडीला मागं जुनं पेट्रोलचं इंजिन असतं, त्यातही हीच मंडळी असतात. डिझेल इंजिनाला मात्र प्लग नसतो, तिथं यातलं काही लागू नाही.

आता बघायचं कसं, ते क्रमानं लिहून घ्या.

एक. एक चांगला जादा प्लग जवळ ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद करा. इंजिनातला प्लग काढू नका, नुसती त्याची टोपी काढा. टोपीत जादा प्लग घाला. प्लास्टिकच्या मुठीच्या पकडीनं धरून त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा. उघड्या हातानं धरू नका, जोराचा झटका बसतो. दुसरीनं दोरी ओढावी. निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी आली तर तो भाग ठीक आहे. मग इंजिनातला प्लग काढून बघा, नाहीतर पेट्रोलकडे वळा. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर पुढं चला.

दोन. इंजिन गरम झाल्यावर बंद पडत असेल, तर बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ही परीक्षा करा. आमची खोट इथंच सापडली. थंडपणी ठिणगी निळी, गरमपणी गायब.

तीन. वायर आणि टोपी बघा. वायर तडकते, उंदीर कुरतडतात.

चार. बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघा. ती कुठं सोलून इंजिनाला टेकली, तर इंजिनाला वाटतं आपल्याला बंद केलंय. वायर सोडवल्यावर ठिणगी आली, तर खोट तिथंच. दुरुस्त करून ती परत जोडायची, नाहीतर इंजिन बटणानं बंद होणार नाही.

पाच. एवढं करून ठिणगी नाही, तर मग चाक काढायचं. त्याला पुलर लागतो. आम्ही औशातल्या एका गॅरेजमधून तासाभरासाठी आणला. हातोडीनं ठोकू नका, दांड्याचे आटे जातात. उघडलं की आधी मोबाइलवर फोटो काढा. चाकाची छोटी चावी तुटलेली नाही ना, बघा. ती तुटली तर ठिणगी येते, पण अवेळी येते.

आमचे पॉइंट काळे, खड्डे पडलेले निघाले. मामंजी बोटानं चाचपून म्हणाले, "कंडेन्सर गेलाय." आम्ही पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदलले. पॉइंट पूर्ण उघडल्यावर किती फट ठेवायची ते इंजिनाच्या पुस्तिकेत असतं. अशा बऱ्याच इंजिनांत ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. ती फिलर गेजनं मोजायची, अंदाजानं नाही. मामंजींना फट दिसत नव्हती, मला मापता येत नव्हती. त्यांनी सांगितलं, मी केलं. दुसऱ्या दिवशी इंजिन सलग तीन तास चाललं.

कॉइल सगळ्यात शेवटी बदला. ती महाग असते आणि बऱ्याचदा तिचा दोष नसतो. नव्या फवारणी यंत्रात आणि वीडरमध्ये पॉइंट नसतात. तिथं आतलं सगळं बंद डबीत असतं, खोट निघाली तर अख्खी कॉइलच बदलावी लागते.

दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या, इंजिनाच्या पाटीचाही फोटो न्या. प्लगचे आटे जुन्याएवढेच लांब हवेत. जास्त लांब प्लग आत पिस्टनला धडकतो.

आणि जिवाची काळजी. पदर खोचून घ्या, फिरत्या चाकापाशी जाऊ नका. सांडलेलं पेट्रोल पुसून, वास गेल्याशिवाय ठिणगी बघू नका. हे काम घरात नाही, अंगणात करा.

आता आम्ही अवजार बँकेत एक वही ठेवली आहे. तारीख, काय बिघडलं, ठिणगी कशी होती, कोणता पार्ट बदलला, पावती किती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गरम करून बघायची, असा नियम केलाय. पॉइंट-कंडेन्सरचा एक जादा जोड डब्यात असतो. आणि हे काम येणाऱ्या आता आम्ही तिघी आहोत. त्यातली एक ती मिरचीवाली ताई आहे. ती स्वतःहून म्हणाली, "मला आधी शिकवा."

पुढच्या सभेला इंजिन इथं आणते. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी एक प्लग पाना घेऊन या.